सॅम्पल देताना: मध्यवर्ती उपकरण केंद्राच्या खिडकीच्या आतून

सॅम्पल बाटलीत भरण्याआधी एका कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा: या मोजणीतून मला नेमकं काय कळायला हवंय? ती ओळ लिहिता येत नसेल तर बस पकडू नका.

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात, म्हणजे मोजणीची महागडी मशीनं एकत्र ठेवलेल्या जागी, सॅम्पल घ्यायच्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बरीच वर्षं बसते आहे. किनवट, उदगीर, गंगाखेड, भूम, कुठून कुठून पोरं-पोरी पहाटेच्या एसटीनं येतात. हातात कॅरीबॅग, कॅरीबॅगेत पुडी, पुडीत पावडर. "मॅडम, एक्सआरडी, एफटीआयआर, एसईएम, सगळंच करून द्या की, सर लई घाई करायलेत." एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणारं, एफटीआयआर म्हणजे अवरक्त प्रकाशानं रेणूतले बंध ओळखणारं आणि एसईएम म्हणजे पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक. कशासाठी म्हणून विचारलं की समोरून शांतता. मशीनला तुमचा हेतू कळत नाही. पुडीत जे आहे ते सगळं ते मोजतं. तुमचा पदार्थ मोजतं, त्यात राहिलेलं पाणी मोजतं, फिल्टर पेपरचे तंतू मोजतं आणि ज्या खलात कुटलं त्या खलाचा दगडही मोजतं. पुढचं सगळं लिहिते आहे ते या शेवटच्या तीन गोष्टी पुडीत येऊ नयेत म्हणून.

आधी प्रश्न, मग मशीन

कोणतं मशीन काय सांगतं हे एम.एस्सी.ला शिकवलेलं असतं, त्यावर वेळ घालवत नाही. प्रत्येक मशीन कशाला आंधळं आहे, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. एक्सआरडीला स्फटिक दिसतो. स्फटिक नसलेला भाग त्याच्या लेखी एक पसरट उंचवटा, बस. शेकडा एक-दोन टक्क्यांची भेसळ असेल तर नेहमीच्या स्कॅनमध्ये ती सहज निसटते. ग्राफमधल्या टोकाच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रानं निघतो तो क्रिस्टलाइटचा, म्हणजे स्फटिकाच्या एकसंध तुकड्याचा, आकार, कणाचा नव्हे. एका कणात दहा क्रिस्टलाइट असू शकतात. त्यामुळे "एक्सआरडीनं १८ नॅनोमीटर आणि एसईएमनं २०० नॅनोमीटर, कुठलं खरं?" असं विचारत येऊ नका, दोन्ही खरी असू शकतात.

आपल्याकडे सध्या सर्वांत जास्त येणारं सॅम्पल म्हणजे पाल्याच्या अर्कापासून केलेले चांदीचे नॅनोकण. कडुलिंब, तुळस, सीताफळ, शेवगा, बांधावरचं एकही झाड पोरांनी सोडलेलं नाही. चांदीचे पीक, म्हणजे ग्राफमधली उंच टोकं, कॉपरच्या क्ष-किरण ट्यूबवर ३८.१, ४४.३, ६४.४ आणि ७७.४ अंशांच्या कोनाच्या आसपास येतात. पण यातल्या कित्येक ग्राफांत २७.८, ३२.२ आणि ४६.२ लाही पीक उभे असतात आणि थिसिसमध्ये त्यांची वासलात "अर्कातील सेंद्रिय घटक" अशी लावलेली असते. ते सिल्व्हर क्लोराइड आहे. बोअरच्या खारट पाण्यात अर्क काढला किंवा काचसामान त्याच पाण्यानं शेवटचं धुतलं की चांदी क्लोराइडशी लगेच जोडी जमवते. अर्कासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड पाणी वापरा. पाल्यात मुळातच क्लोराइड असतं, म्हणून एवढं करूनही पीक आला तर तो लपवू नका. सिल्व्हर क्लोराइड म्हणूनच त्याची नोंद करा.

कॉलेजात जे होतं ते आधी तिथंच उरका. यूव्ही-व्हिजिबलवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं मशीन) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चांदीचा पट्टा दिसत नसेल तर टीईएमचे (कणाच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) पैसे भरण्यात अर्थ नाही. सेंद्रिय रसायनवाल्यांनी टीएलसी, म्हणजे प्लेटवर घटक वेगळे करायची साधी चाचणी, बघावी. प्लेटवर दोन ठिपके असतील तर एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना सांगणारी मोजणी) दोन रेणूंचा येणार, आणि तो सोडवायला मी बसणार नाही, तुम्हालाच बसायचं आहे.

कुठे द्यायचं

पहिला हक्क आपल्या विद्यापीठावर. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, यांपैकी ज्याच्याशी तुमचं कॉलेज जोडलेलं आहे तिथं आधी विचारा. बहुतेक ठिकाणी स्वतःच्या विद्यार्थ्याला एक दर, बाहेरच्या संस्थेला दुसरा आणि कंपनीला तिसरा असतो. माती आणि पिकांच्या कामाला परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळचं. जवळपास मशीन नसेल तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं किंवा आयआयटी मुंबईतलं 'सैफ', म्हणजे बाहेरच्यांनाही खुलं असलेलं उपकरण केंद्र, आहे. तुमचे गाईड जुने असतील तर ते मुंबईच्या केंद्राला अजून 'आरएसआयसी'च म्हणतील, गोंधळू नका, ते एकच. देशभरातली कोणती मशीन कुठल्या संस्थेत आहेत हे शोधायला आणि वेळ मागायला जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. त्यावर नाव नोंदवून ठेवा.

यादीत मशीन आहे म्हणजे ते चालू आहे असं नाही. मे महिन्यात मशीन थंड ठेवणारा चिलर बसतो, द्रव नायट्रोजनची गाडी येत नाही, फिलामेंट जातं, दुरुस्तीचा करार संपलेला असतो. म्हणून आधी फोन करा आणि एवढंच विचारा: मशीन चालू आहे का, रांग किती दिवसांची आहे, सॅम्पल किती आणि कशात हवं, पोस्टानं चालतं का. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एनएमआर-एक्सआरडीचं कोरडं सॅम्पल पाकिटातून जातं. त्यासाठी देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची गरज नसते.

वाळवणं

सर्वांत जास्त सॅम्पल ओलेपणामुळे वाया जातात, आणि ओलं सॅम्पल डोळ्यांना कोरडंच दिसतं. ओव्हनमध्ये रात्रभर ठेवलं एवढं पुरेसं नाही. वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणारं झाकणबंद भांडं) थंड होऊ द्या, वजन घ्या, पुन्हा तासभर वाळवा, पुन्हा वजन घ्या. दोन वजनं जुळली की वाळलं. किती अंशाला वाळवायचं ते पदार्थावर आहे. साधे ऑक्साइड १०० ते ११० अंश सहज सोसतात. सेंद्रिय पदार्थ त्याच्या वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली, शक्यतो व्हॅक्यूममध्ये वाळवा. स्फटिकात बांधलेलं पाणी असलेले क्षार ओव्हनमध्ये घातले की पदार्थच बदलतो. तिथं हवेवर किंवा डेसिकेटरमध्येच भागवा. डेसिकेटरमधली निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ते नुसतं झाकण लावलेलं भांडं आहे. आमच्याकडच्या निम्म्या कॉलेजांत ती गेल्या पावसाळ्यापासून गुलाबीच असते.

एफटीआयआरमध्ये ओलेपणा लगेच चव्हाट्यावर येतो. ग्राफच्या आडव्या मापावर (प्रति सेंटिमीटर) ३४०० च्या आसपास रुंद पट्टा आणि १६३० ला एक लहान पट्टा जोडीनं दिसला की ते बहुधा पाणी. त्या रुंद पट्ट्यावर बोट ठेवून "अर्कातले फिनॉलिक ओएच गट" असं लिहिलेले थिसिस मी पाहिले आहेत. पोटॅशियम ब्रोमाइडची पेलेट, म्हणजे सॅम्पल मिसळून दाबलेली चकती, करणार असाल तर १ ते २ मिलिग्रॅम सॅम्पलला १०० ते २०० मिलिग्रॅम ब्रोमाइड घ्या. ब्रोमाइड ११० अंशांवर वाळवलेलं हवं, कारण पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जून ते सप्टेंबर एटीआर, म्हणजे सॅम्पल थेट मशीनवर दाबून मोजायची सोय, मिळत असेल तर तेच मागा. पेलेटची कटकट नाही आणि सॅम्पलही परत मिळतं. २३५० ला दिसणारी जोडगोळी खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडची असते. बॅकग्राउंड (सॅम्पलविना केलेली मोजणी) नव्यानं घ्यायला सांगितलं की ती जाते.

कुटणं आणि चाळणं

एक्सआरडीला पावडर किती बारीक हवी? २०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ७५ मायक्रॉनमधून, पूर्ण उतरायला हवी. हातमोजा घालून चिमटीत घासली तर मैद्यासारखी लागली पाहिजे, रव्यासारखी नाही. जाड कण राहिले की पीकांच्या उंचीचा भरवसा राहत नाही. नेहमीच्या होल्डरला अर्धा ते एक ग्रॅम लागते. एवढी नसेल तर आधी सांगा, शून्य-बॅकग्राउंडच्या, म्हणजे स्वतःचा पीक न देणाऱ्या, चकतीवर थोडक्यात भागवता येतं.

कुटायला अॅगेटचा खल, म्हणजे अकीक दगडाचा, वापरा. घरचा काळ्या दगडाचा खलबत्ता चटणीला उत्तम. पण तो बेसाल्टचा, म्हणजे फेल्डस्पार, पायरॉक्सीन आणि लोहाचे ऑक्साइड. तुमच्या झिंक ऑक्साइडमध्ये लोहाचा पीक कुठून आला याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडतं. प्रत्येक सॅम्पलनंतर खल धुवा, आणि डाग गेला नाही तर स्वच्छ क्वार्ट्झ किंवा मीठ घोटून पुन्हा धुवा. फिल्टर पेपरवरून पावडर खरवडताना तंतू येतात, म्हणून वरचा थरच घ्या. कागदाला चिकटलेलं कागदालाच राहू द्या.

काळ्या मातीचं सॅम्पल

मराठवाड्यात संशोधन करायचं आणि काळ्या मातीला हात लावायचा नाही, असं फार कमी जणांना जमतं. म्हणून इथे थोडं थांबते.

शेतातून आणलेली माती सावलीत, कोऱ्या कागदावर हवेवर वाळवा. उन्हात नको, ओव्हनमध्येही नको. ढेकळं लाकडी दंडुक्यानं फोडा, मुळ्या आणि चुनखडीचे खडे वेचा, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. मग चौथाई करा. ढीग सपाट पसरा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले मिसळा, पुन्हा तेच. गोणीच्या वरून मूठभर उचलून आणलेली माती ही शेताची माती नसते, गोणीच्या तोंडाची असते. जस्त मोजायचं असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि पितळी चाळणी दोन्ही बाजूला ठेवा, प्लास्टिक आणि नायलॉन वापरा. लोह मोजायचं तर खुरप्याला चिकटलेली माती लाकडी पट्टीनं काढून टाका आणि मधली घ्या.

आता एक्सआरडी. फॉर्मवर स्कॅनची व्याप्ती लिहायची जागा असते. तिथं जवळजवळ प्रत्येक जण '१० ते ८०' लिहितो, कारण आधीच्या सिनिअरनं तेच लिहिलं होतं. आपल्या काळ्या मातीतली मुख्य चिकणमाती स्मेक्टाइट गटातली. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात बैल अडकेल एवढ्या भेगा पाडणारी हीच. तिचा ओळखीचा पीक हवेवर वाळलेल्या स्थितीत १४ ते १५ अँगस्ट्रॉमला (नॅनोमीटरचा दहावा भाग, इथे मातीच्या थरांमधलं अंतर), म्हणजे कॉपरच्या ट्यूबवर जेमतेम ६ अंशांना येतो. स्कॅन १० पासून सुरू केलं की जे शोधायला आलात तेच ग्राफच्या बाहेर राहतं. ३ अंशांपासून स्कॅन मागा. मशीनवर तेवढं खाली जाता येतं का, स्लिट बदलावी लागेल का, हे ऑपरेटरला विचारा.

नुसत्या मातीच्या पावडरीत हा पीक बहुतेक वेळा मलूल दिसतो, कारण क्वार्ट्झ २६.६ ला आणि चुनखडी २९.४ ला आरडाओरडा करत असतात. म्हणून चिकणमाती वेगळी काढा. सोडियम ॲसिटेट आणि ॲसेटिक ॲसिडच्या पीएच ५ च्या द्रावणानं चुना घालवा, पाण्यानं चांगलं धुवा, थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून गढूळ करा आणि उंच सिलिंडरमध्ये स्थिर ठेवा. २० अंश तापमानाला सुमारे ८ तासांनी वरच्या १० सेंटिमीटरमध्ये २ मायक्रॉनपेक्षा बारीक कणच उरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर असते आणि कण लवकर बसतात, तेव्हा वेळ त्या तापमानासाठी काढून घ्या. वरचा भाग पिपेटनं काढून काचपट्टीवर पसरा आणि हवेवर वाळू द्या.

अशा तीन काचपट्ट्या करा. एक तशीच. दुसरी रात्रभर इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत. तिसरी मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांवर तापवलेली. साधी काच एवढ्या तापमानाला मऊ पडू लागते, म्हणून तिसरीसाठी क्वार्ट्झची पट्टी मिळते का बघा, नाहीतर एक-दोन पट्ट्या जास्त करून ठेवा. ग्लायकॉलच्या पट्टीत पीक १७ अँगस्ट्रॉमकडे, म्हणजे ५.२ अंशांकडे सरकला आणि तापवलेल्या पट्टीत १० अँगस्ट्रॉमला बसला की स्मेक्टाइट. ७ अँगस्ट्रॉमचा पीक तापवल्यावर गायब झाला तर केओलिनाइटचा संशय घ्या. तीन पट्ट्यांचे तीन रन, तिप्पट फी, पण एवढं केल्यावर व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाकडे त्यावर विचारायला फार काही उरत नाही.

एनएमआर, एसईएम, टीईएम

एनएमआरमध्ये प्रोटॉनला ५ ते १० मिलिग्रॅम पुरतं, कार्बनला २० ते ५० आणा. ड्युटेरेटेड (जड हायड्रोजन असलेलं) सॉल्व्हंट ०.६ मिलिलिटर, म्हणजे ५ मिलिमीटरच्या ट्यूबमध्ये चारेक सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त. कोणत्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं ते साध्या सॉल्व्हंटमध्ये घरी करून बघा आणि फॉर्मवर लिहा. "बहुतेक क्लोरोफॉर्म" असं लिहू नका. न विरघळलेले कण असतील तर पाश्चर पिपेटमध्ये कापसाचा बोळा घालून गाळा. आधी वापरलेलं सॉल्व्हंट नीट काढलं नाही की ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्ममध्ये २.०५, ४.१२ आणि १.२६ ला इथाइल ॲसिटेट हजेरी लावतं. २.१७ ला ॲसिटोन, ते बहुधा ट्यूब धुतलेलं. ट्यूब तासन्‌तास गरम ओव्हनमध्ये ठेवू नका, ती किंचित वाकते आणि नीट फिरत नाही. त्यावर झेंड्यासारखी चिठ्ठीही लावू नका. लोह किंवा मँगनीजचा अंश राहिला असेल तर रेषा फुगतात, त्यामुळे धातूचा उत्प्रेरक वापरला असेल तर तसं सांगा.

एसईएमला सॅम्पल पूर्ण कोरडं आणि व्हॅक्यूममध्ये न उडणारं हवं. चुंबकीय पावडर असेल तर ते आधीच, मोठ्या अक्षरांत लिहा. फेराइटवाल्यांनो, हे तुमच्यासाठी आहे. ती पावडर आत लेन्सला जाऊन चिकटली तर मशीन किती दिवस बंद राहील ते कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणालाच माहीत नसतं. वीज न वाहणाऱ्या सॅम्पलवर सोन्याचा मुलामा देतात. पण फॉस्फरस मोजायचा असेल तर सोनं नको म्हणून सांगा. ईडीएसमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या मूलद्रव्यं ओळखणाऱ्या भागात, सोन्याची रेषा २.१२ केईव्हीला (ऊर्जेचं माप) आणि फॉस्फरसची २.०१ ला येते, दोन्ही एकमेकांत मिसळतात. प्लॅटिनमनं तोच घोटाळा होतो. हायड्रॉक्सिॲपॅटाइट किंवा नॅनोखत अशा फॉस्फरसवाल्या पदार्थावर काम असेल तर कार्बनचा मुलामा मागा. कार्बन टेपवर बसवलेल्या सॅम्पलमध्ये कार्बनचा आकडा मोजून तो टेबलात टाकण्याचा प्रकारही थांबवा, तो टेपचा कार्बन आहे.

टीईएमला इथेनॉलमध्ये इतकं पातळ द्रावण हवं की ते जवळजवळ पाण्यासारखं दिसलं पाहिजे. दाट द्रावण दिलं की ग्रिडवर (सॅम्पल ठेवायची बारीक जाळी) नुसतं काळं डबकं दिसतं. ग्रिड तांब्याची असते, म्हणून ईडीएसमध्ये तांबं दिसलं तर आनंदू नका.

बोअरचं पाणी

पाणी आणणाऱ्यांना एकच सांगते: दारूची किंवा सरबताची बाटली नको. पॉलिथिनची नवी बाटली घ्या, आणि दोन घ्या. एकीत पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, शुद्ध नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणा. ही धातूंसाठी, म्हणजे आयसीपी या धातू मोजणाऱ्या मशीनसाठी. दुसरी ॲसिड न घालता थंड ठेवा, ती फ्लोराइड, क्लोराइड आणि नायट्रेटसाठी. फ्लोराइड आयसीपीवर होत नाही, आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड किंवा आयन क्रोमॅटोग्राफी लागते. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत पाण्यातल्या फ्लोराइडचा प्रश्न जुना आहे आणि तिकडून आयसीपीचे फॉर्म भरून येणारी पोरं दरवर्षी परत पाठवावी लागतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. तुमचा आकडा या दोहोंच्या मधे पडला तर मोजणीतली अनिश्चितता सांगितल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढू नका.

प्रत्येक फेरीत एक ब्लँक हवाच. शेतात नेलेल्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी भरा, तेच फिल्टर, तेच ॲसिड, तोच प्रवास. आर्सेनिक मोजायचं असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडनं पचवू नका. आयसीपी-एमएसमध्ये (वस्तुमानावरून मूलद्रव्य ओळखणारी आयसीपी) आर्गॉन आणि क्लोरीन एकत्र येऊन ७५ वस्तुमानाचा तुकडा तयार होतो, नेमका आर्सेनिकच्या जागी. फिल्टर न केलेलं गढूळ द्रावण आमच्या नेब्युलायझरमध्ये (द्रावणाचे तुषार करणारा भाग) अडकलं तर मागच्या वीस जणांची रांग थांबते, आणि मग खिडकीतून मी कुणाशी गोड बोलत नाही.

भरणं, चिठ्ठी, प्रवास

अर्धं सॅम्पल घरी ठेवा. हे सगळ्यात आधी.

दोन मिलिलिटरच्या स्क्रू-कॅप व्हायलमध्ये भरा, वरून पॅराफिल्म गुंडाळा, व्हायल झिपच्या पिशवीत आणि पिशवी कडक डब्यात. बटर पेपरची पुडी टेबलापर्यंत ठीक आहे, उमरग्याहून येणाऱ्या बसपर्यंत नाही. चांदीचं किंवा उजेडाला घाबरणारं काही असेल तर फॉइल. एपेनडॉर्फला (झाकणाची छोटी प्लास्टिक नळी) टोकापर्यंत भरू नका, स्पॅच्युला आत जात नाही.

चिठ्ठीवर 'एस-१' लिहू नका. आमच्या फ्रीजमध्ये एकाच वेळी अकरा 'एस-१' असलेले मी पाहिले आहेत. तुमची आद्याक्षरं, वर्ष, वहीचं पान, क्रमांक, असा कोड करा आणि तोच फॉर्मवर, व्हायलवर आणि झाकणावरही लिहा. मार्करची शाई इथेनॉलनं पुसते, म्हणून चिठ्ठीवर पारदर्शक टेप लावा किंवा पेन्सिलीनं लिहा.

उन्हाळ्यात बसच्या टपावर किंवा खिडकीशी डबा ठेवू नका. ४२-४३ अंशांच्या दिवशी बंद गाडीतली पिशवी बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ तापते. ५०-६० अंशांना वितळणारा पदार्थ घरून पावडर निघतो आणि इथं ढेकूळ पोहोचतो. गरज असेल तर थर्माकोलचा डबा आणि जेल पॅक घ्या. आणि सॉल्व्हंट, ॲसिड असलं ज्वालाग्राही किंवा दाहक काही बसमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात नेऊ नका. नियमानं मनाई आहे, आणि नियम नसता तरी शेजारी लेकरू मांडीवर घेतलेली बाई बसलेली असते. कोरडं सॅम्पल आणा, विरघळवणं इथं होईल. ॲसिड घातलेलं बोअरचं पाणी आणायचं किंवा दूरच्या केंद्राला पाठवायचं असेल तर कसं ते त्या केंद्रालाच आधी विचारा.

फॉर्म खरा भरा

फॉर्मवर रासायनिक सूत्र, अपेक्षित मूलद्रव्यं, विद्राव्यता, वितळणबिंदू, विषारी-ज्वालाग्राही-स्फोटक आहे का, हे विचारलेलं असतं. बहुतेक जण सूत्र लिहितात आणि पुढे "नाही, नाही, नाही" अशा तीन खुणा करतात.

मीही केल्या होत्या. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी धातूचे नायट्रेट आणि ग्लायसीन एकत्र करून जेल केलं होतं, त्यातून पुढे ऑक्साइड करायचा होता. वाळलेलं जेल टीजीएला (सॅम्पल तापवत त्याचं वजन मोजणारं मशीन) दिलं आणि "स्थिर" या चौकटीत खूण केली, कारण टेबलावर ते स्थिरच होतं. नायट्रेट आणि ग्लायसीन एकत्र म्हणजे इंधन आणि ऑक्सिडायझर एकाच पुडीत. दोनशे अंशांच्या आसपास ते फुस्सकन पेटलं, पॅनमधून उसळलं आणि भट्टीभर राख झाली. ऑपरेटरनं मला ओरडलं नाही, फक्त माझा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. ते केंद्र आठवडाभर बंद होतं. आता माझ्या खिडकीवर असं जेल आलं की मी २ मिलिग्रॅम घेते, उघडा ॲल्युमिना पॅन वापरते आणि तापवण्याचा वेग कमी ठेवते. पण हे मला तेव्हाच करता येतं जेव्हा तुम्ही फॉर्मवर लिहिलेलं असतं.

बाकी कागदपत्रांचं काम रटाळ आहे, पण एकदा उरकावं. गाईडची सही, विभागप्रमुखांची सही, ओळखपत्राची प्रत, फी भरल्याचा यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा, क्रमांक. फीवर बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो धरून पैसे भरा, नाहीतर शे-दीडशे रुपयांसाठी फॉर्म अडतो. शिष्यवृत्तीतून किंवा प्रकल्पातून खर्च टाकायचा असेल तर बिल कुणाच्या नावे हवं ते आधीच सांगा, मागाहून बिल बदलत नाही.

रनच्या दिवशी आणि नंतर

जमेल तर मशीनशेजारी बसा. सॅम्पल तुम्ही केलंय, पहिला स्कॅन बघून "हे असं नको होतं" हे तुम्हालाच कळेल, आणि तेव्हाच सांगितलं तर दुसरा स्कॅन त्याच वेळेत बसतो. येता येत नसेल तर अपेक्षित ग्राफचं एखादं उदाहरण आणि फोन नंबर फॉर्मला जोडा.

घरी जाताना नुसती पीडीएफ घेऊन जाऊ नका. एक्सआरडीचा दोन रकान्यांचा टेक्स्ट डेटा, एनएमआरचं एफआयडीसह (मशीनचा मूळ सिग्नल) पूर्ण फोल्डर, एसईएमची स्केल-बार असलेली मूळ चित्रं, सगळं मागा. सोबत मशीनचं मॉडेल, व्होल्टेज, स्कॅनचा वेग, सॉल्व्हंट आणि तारीख वहीत उतरवून घ्या. पेपर लिहिताना सहा महिन्यांनी फोन करून "मॅडम, आमचा स्कॅन रेट काय होता?" विचारणाऱ्यांना माझ्याकडेही उत्तर नसतं. पेन ड्राइव्ह बऱ्याच ठिकाणी चालत नाही, व्हायरसच्या भीतीनं. ईमेल स्वच्छ अक्षरांत लिहा.

ग्राफ बिघडलेला वाटला तर आधी घरी ठेवलेलं अर्धं सॅम्पल बाहेर काढा, ते पुन्हा वाळवा आणि ब्लँकचा ग्राफ शेजारी ठेवून बघा. मग खिडकीवर या. मशीनचं कॅलिब्रेशन कधी झालं हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सिलिकॉनच्या मानक नमुन्याचा २८.४ अंशांचा पीक कुठे येतो ते दाखवायला सांगा, मी लगेच दाखवते. उरलेलं सॅम्पल परत हवं असेल तर फॉर्मवर तशी खूण करा. आम्ही महिनाभर ठेवतो, मग फ्रीजमध्ये जागा करावी लागते.

आणि सोमवारी सकाळी साडेदहाच्या आत फोन करू नका. तेव्हा एसईएम व्हॅक्यूम घेत असतं आणि मी चहा.